पायरीवरची

डाग तिच्याच स्टुलावर होता. दुपारच्या चहासाठी उठताना नजर सहज मागे गेली आणि डोक्याच्या आधी हातच हलले. तिनं थंड पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि कडेकडून आत असं टिपत आणलं. रक्ताला गरम पाणी लावलं की ते कापडात कायमचं घर करतं, हे नव्या मुलींना ती दहादा सांगायची, तरी एखादी वाफेची नळी लावून मोकळी व्हायची. स्टुलाच्या गादीला जुन्या चादरीचा अभ्रा होता. त्यावरचा डाग निघाला. मग कामाच्या सवयीनं ती तो कुठून आला असेल ते शोधू लागली. पुढ्यात हॉटेलच्या चादरी होत्या, कुणाचे तरी पडदे होते, बाहीला तेल लागलेला एका नवरदेवाचा कोट होता. चादरी तिनं उलटून पालटून पाहिल्या. हॉटेलच्या चादरींवर काय काय सापडतं याचं तिला आता नवल राहिलं नव्हतं, पण आजच्या चादरी बिचाऱ्या साध्या होत्या. मग ती फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. पाळी जाऊन तिला पाच वर्षं होऊन गेली होती.

इस्त्रीवर उभ्या राहणाऱ्या बाईंना सगळी लाँड्री मावशी म्हणायची. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. इस्त्री उभी करून त्या जवळ आल्या, फडक्याकडे पाहिलं, तिच्या साडीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काय गं, परत तरुण झालीस की काय?" ती हसली. मावशींनी स्वतःची शाल तिच्या कमरेला गुंडाळून दिली आणि म्हणाल्या, "घरी जा तू. पोट बिघडलंय म्हणून सांगते मॅनेजरला. पोटाचं नाव काढलं की पुरुष पुढचं विचारत नाहीत." ती संडासात गेली, कडी लावली आणि तिथल्या मळक्या पिवळ्या उजेडात परकर पाहिला. कडेला तपकिरी, मध्ये लाल, एके ठिकाणी घट्ट. इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग वाचून पोट भरणाऱ्या बाईला याच्यापुढे काही वाचायचं उरलं नव्हतं. आणि तरीही पहिल्यांदा तिला भीती वाटली नाही. छातीत काहीतरी उचंबळून आलं आणि मनात अगदी स्पष्ट शब्द उमटले की आली, माझ्याकडे आली, ताईकडे नाही. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकत भिंतीला टेकून राहिली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिनं नवऱ्याला फोन करायला मोबाइल काढला आणि पुन्हा पर्समध्ये टाकला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. काही अडलं की झाकण उघडून आत बघायचं, एवढंच त्याला माहीत. त्यानं दहा मिनिटांत काम टाकून तिला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि तेच बरोबर होतं, आणि म्हणूनच तिनं फोन केला नाही. त्याला तिच्या माहेरचं सगळं ऐकून माहीत होतं. ऐकताना तो मान हलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "बाकी सगळं ठीक आहे, पण डॉक्टर का नाही आणला?" त्याला उत्तर देता देता तिची लग्नानंतरची वर्षं गेली होती. समोरून बस आली. बसवर माहेरच्या बाजूच्या उतारावरच्या वस्तीचं नाव होतं. ती चढली. आपण हिच्यात का चढतोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उतरावं लागलं असतं.

माहेर म्हणजे देवळाच्या मागच्या दोन खोल्या. देऊळ फार मोठं नव्हतं, पण त्याची एक गोष्ट दुसऱ्या कुठल्या देवळाची नव्हती. गाभारा रिकामा होता. आत फक्त एक समई जळायची. देवी बाहेर होती, पायरीवर, उघड्यावर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखी, कंबरेएवढी काळी शिळा. लहानपणी आई गोष्ट सांगायची ती अशी. लग्न होऊन देवी नवऱ्याच्या दारात आली आणि माप ओलांडायच्या आधीच तिची पाळी आली. सासरची माणसं म्हणाली, चार दिवस बाहेर बस. ती पायरीवर बसली. चार दिवस झाले, पाचव्या दिवशी तिला आत बोलवायचं सगळे विसरले. मग कुणाला तरी आठवण झाली, सगळे हातापाया पडायला आले, तर ती म्हणाली, आता मी इथेच बरी आहे, आणि दगड झाली. आई हे सांगताना कधी गळा काढायची नाही. ती पीठ मळता मळता किंवा परकर पिळता पिळता सांगायची आणि शेवटी म्हणायची, "रुसली, पण घर सोडून गेली का? नाही. बसली तिथेच. बायकांचं रुसणं ते एवढंच." ताई त्यावर खो खो हसायची. हिला मात्र रात्री अंथरुणात वाटत राहायचं की बाहेर कुणीतरी बसलंय आणि आपण आत झोपलोय.

देवीचा उत्सव पंचांगावर ठरत नसे. देवीला रोज पहाटे पांढरं वस्त्र नेसवायचं आणि आदल्या दिवशीचं काढून उजेडात पाहायचं. ज्या दिवशी त्यावर डाग दिसेल त्या दिवशी देवी बसली. मग चार दिवस पूजा बंद, घंटा बांधून ठेवलेली, आणि पाचव्या दिवशी सगळ्या वस्तीनं वाजतगाजत येऊन देवीला आत चल म्हणून विनवायचं. ती येत नसेच. मग तिची ओटी भरायची, पायरीखाली माणसांनी रात्रभर बसायचं, आणि वर्षभरासाठी परत जायचं. वस्त्र पाहायचं काम त्यांच्या घरातल्या बाईकडे होतं, आणि तीही पाळी गेलेली बाई हवी, म्हणजे डाग कुणाचा याचा घोळ होत नाही. डाग दिसला की तिनं तोंडानं काही बोलायचं नाही. ताटात घडी ठेवून बाहेर यायचं आणि केस मोकळे सोडायचे. बस्स, ढोलावर टिपरी पडायची. आई पन्नाशीला आली तेव्हा ते काम तिच्याकडे आलं. डोंगराच्या पोटातून पाणी झिरपायचं, लाल माती घेऊन यायचं, शिळा ओली व्हायची, हे काही गुपित नव्हतं. आईलाही माहीत होतं. ती म्हणायची, "पाणी डोंगराचं असेल. बसलीय ती ना?"

बस चढणीला लागली. तिच्या ओटीपोटात जड, मुका ठणका लागला होता आणि प्रत्येक गचक्याला ती शालीचं टोक घट्ट धरत होती. शेजारच्या सीटवर एक बाई मोबाइलवर कुणाला तरी सुनेच्या तक्रारी सांगत होती. तिला वाटलं, या बाईला सांगावं, अहो, तुमची सून जाऊ द्या, मला इथे बसल्या बसल्या काय होतंय बघा. तिला एकदम आईची बादली आठवली. लग्न होऊन वर्ष झालं होतं, लाँड्रीत नवीन होती, ब्रश कसा धरायचा हे नुकतं कळत होतं, आणि माहेरी आल्यावर आईच्या परकरांची बादली तिनं धुवायला घेतली. पाळीचं रक्त तिला माहीत होतं. हे तसं नव्हतं. पाणी पिंगट झालं आणि त्याला जो वास आला तो तिच्या नाकातून आठवडाभर गेला नाही. बाहेर पायरीवर, देवीच्या शेजारी, पाटावर आई बसली होती आणि बायका रांगेनं तिच्या पाया पडत होत्या. ज्या बाईची पाळी कधीच गेली, जी रोज देवीचं वस्त्र हाताळते, तिलाच पुन्हा सुरू झाली तर याचा अर्थ वस्तीत लहान पोरालाही सांगावा लागला नाही. देवी दगडातून उठून तिच्या अंगात आली होती. त्या वर्षी उत्सव दोनदा झाला. मूल होत नसलेल्या बायका आईच्या पदराची चिंधी मागून नेत. आई वाळत चालली, रंग उतरत चालला, आणि लोक म्हणत, काय तेज चढलंय बघा.

ती गप्प राहिली होती असं नाही. तिनं बापाला सांगितलं. बाप देवळाची दिवाबत्ती बघायचा आणि आईशी जन्मात धड बोलला नव्हता. तो म्हणाला, "आता तिला देवीनं धरलंय, आपण कोण मध्ये बोलणार?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बायकोला स्वतः पाणी नेऊन दिलं. तिनं ताईला सांगितलं. ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. शेवटी ओळखीच्या एका नर्सला तिनं मागच्या दारानं आणलं. नर्सनं आईचं पोट दाबलं, तोंड बारीक केलं आणि म्हणाली, उद्याच हॉस्पिटलात न्या. नर्स गेल्यावर आईनं तिला जवळ बसवलं. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे गं काय आहे ते. मी काय खुळी आहे? पण तू सांग, या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली. बस म्हणून मला आजवर कुणी म्हटलं होतं का?" दुसऱ्या दिवशी आई पुन्हा पाटावर जाऊन बसली. शेवटी आईला पायरीवरूनच उचलून आत आणलं, आणि आणली तेव्हा ती संपलेली होती. देवळात इतकी गर्दी पुढे बरीच वर्षं झाली नाही. मधली वर्षं ताट एका चुलतीकडे होतं, मग माहेरीच राहिलेल्या ताईची पाळी गेली, ताट ताईकडे आलं, आणि त्या दिवशी हिनं सगळ्यांसमोर म्हटलं, आईला आपण मारलं. ताई म्हणाली, आईचं भाग्य होतं ते, तुला नाही कळायचं. त्यानंतर दोघींचं जाणंयेणं खुंटलं होतं.

बसमधून उतरेपर्यंत तिच्या मनाशी एक बेत जमला होता. ताईला सांगायचं की मला भीती वाटते, माझ्याबरोबर चल. भांडण झालं असलं तरी ताई ती ताई. लहानपणी दाढ काढायला नेताना हिच्या आधी तीच खुर्चीत बसून दाखवायची. ती येईल, हात धरून बसेल, डॉक्टरच्या खोलीत दोघी जातील. एकटीनं त्या कॉटवर पाय वर करून निजायचं, हे तिला झेपणारं नव्हतं. आणि मनाच्या अगदी तळाशी, तिला बघायला आवडणार नाही अशा जागी, अजून ते दुसरं होतं. ताईला सांगायचं आणि तिचं तोंड बघायचं.

देवळाच्या आवारात लोखंडी कठडे लावलेले तिनं पाहिले. ते पूर्वी नव्हते. कठड्यांमधून बायकांची रांग वळत वळत रस्त्यापर्यंत आली होती. तिला वाटलं उत्सव लागला. तिनं दारातल्या फुलवालीला विचारलं, तर फुलवाली हातातला दोरा न थांबवता म्हणाली, "उत्सव कसला? इथे आता रोजच उत्सव. देवी बाईंच्या अंगात वाहतेय ना, पावसाळ्यापासून. तुम्ही लांबून आलात वाटतं?" तिनं रांगेच्या वरून पाहिलं. काळ्या शिळेच्या शेजारी पाट होता. पाटावर ताई बसली होती. ताई पूर्वी अंगानं भरलेली होती, दोघींतली तीच गोरी आणि देखणी. आता साडीच्या आत नुसती हाडं ठेवल्यासारखी दिसत होती आणि चेहरा मेणाचा झाला होता. एक बाई तिच्या पायावर डोकं ठेवून रडत होती आणि ताई तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवत होती. तो हात आईचा होता.

ताईनं तिला ओळखलं. पाटावरून उठायला दोन बायकांनी तिला हात दिला, रांगेला थांबायला सांगितलं, आणि ताई मागच्या खोलीत आली. खोलीत धूप आणि कापूर इतका कोंडला होता की डोळे चुरचुरावेत. त्याच्या खाली तो वास होता. तिला तो दारातच आला आणि ती क्षणभर उंबऱ्यावर अडकली. "आलीस?" ताई म्हणाली. "मला वाटलं, मी मेल्यावरच येशील." "त्याला अजून वेळ आहे," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. ताई हसली, पूर्वीसारखी खो खो नाही, नुसता श्वास सोडल्यासारखी. मग कॉटवर बसत तिनं जागा करून दिली.

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या तोंडापासून."

"थांबतच नाही?"

"थांबेल कशाला? आली ती काय जायला आलीय?" ताईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात थंड होता. "तू किती वाळलीस गं. नवरा खायला घालत नाही का?"

 ताईपुढे काय बोलायचं ते तिनं बसमध्ये जमवून ठेवलं होतं, ते सगळं आता उलटं झालं होतं. आता ताईलाच न्यायचं होतं. आईच्या वेळी नर्स आणली तशी चूक करायची नाही, वाद घालायचा नाही. आपली भीती पुढे करायची आणि तिच्या आडून ताईला दारापर्यंत न्यायचं. ती म्हणाली, "ताई, मलाही आलंय. आज दुपारी. मला फार भीती वाटतेय. तू माझ्याबरोबर चल."

ताईचा हात गुडघ्यावरून निघाला. तिच्या त्या मेणाच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा काहीतरी हललं. ती भीती होती. हिला वाटलं, माझ्यासाठीच, आणि त्या एका क्षणी तिला ताईच्या कुशीत शिरावंसं वाटलं. पण ताई उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली, दार लावलं आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"बाहेर रांगेत काही बोललीस?"

"नाही गं."

"डाग कसा आहे?" ताईनं हे विचारलं तेव्हा तिचा आवाज वेगळा झाला, सकाळी वस्त्र उजेडात धरणाऱ्या बाईचा. "कडेला तपकिरी? मध्ये गाठी?"

"हो."

"मग ते दुखणं आहे," ताई म्हणाली आणि तिचे खांदे खाली आले. ती पुन्हा येऊन शेजारी बसली. तिनं हिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि आता तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. "हे बघ, घाबरू नकोस. पण अंगावर काढायचं नाही. आजच डॉक्टरकडे जायचं, उद्यावर टाकायचं नाही. नवऱ्याला बोलावून घे. आईचं काय झालं आठवतंय ना तुला? तू ती नर्स आणलीस तेव्हा नेली असती ना, तर जगली असती गं बिचारी."

आईच्या मरणापासून हे वाक्य ताईच्या तोंडून ऐकायला ती थांबली होती.  तिनं विचारलं, "आणि तू?"

"मी काय?"

"तुझं हे काय आहे, ताई?"

 ताईला प्रश्नच समजला नव्हता. लहान मुलानं काही भलतंच विचारावं तशी ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "मला कुठे काय झालंय? तुझ्याकडे ती आली असती तर तुला कळलं असतं. असं घाबरायला झालं नसतं." मग थोडी घुटमळून, नजर चुकवत म्हणाली, "इथे मात्र कुणाला सांगू नकोस हं. लोक उगाच दोन ठिकाणी पाया पडत बसतात."

ती बोलली, मग खूप बोलली. हात धरला, शिव्या दिल्या, पाया पडते म्हणाली. ताई मान हलवत ऐकत होती आणि साडी सारखी करत होती. निऱ्या नीट बसेनात तेव्हा हिनंच त्या खोचून दिल्या, आणि खोचताना ताईच्या पोटात डाव्या बाजूला, कातडीखाली, काहीतरी टणक तिच्या बोटांना लागलं. तिनं बोटं तिथेच ठेवली. ताईनं ती हलकेच बाजूला केली. "चल, बायका उन्हात उभ्या आहेत," ती म्हणाली. "लेकरंबाळं घरी ठेवून येतात गं." दाराबाहेरच्या दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं आणि ती पाटावर जाऊन बसली.

आपण आज डॉक्टरकडे जाणार हे तिला आता पक्कं माहीत होतं. हॉस्पिटलची संध्याकाळची ओपीडी उघडी असते. नवरा येईल. कापतील, काढतील, वेळेत आलात म्हणतील, आणि आपण कदाचित जगू. तिला जगायचं होतं, अगदी हावरटासारखं जगायचं होतं, आणि हे जगणं तिला ताईनं आत्ता त्या कॉटवर बसून दिलं होतं. ती आवाराच्या दारापर्यंत गेली, तिथून परत फिरली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. ताईच्या जवळ जायला दुसरी वाट उरली नव्हती. पुढच्या बाईनं मागे वळून विचारलं, "तुम्हालाही मूल नाही का?" तिनं नुसती मान हलवली. रांग पुढे सरकली. पायरीशी आल्यावर ती वाकली आणि तिनं ताईची दोन्ही पावलं हातांत घट्ट धरली. पावलं सुजली होती. अंगठा जिथे टेकला तिथे खळगा पडला आणि तो भरून येईना. ती त्या खळग्याकडे बघत तशीच वाकून राहिली. वरून डोक्यावर हात आला, थोडा वेळ राहिला, आणि इतर सगळ्यांशी बोलावं त्याच मऊ, दमलेल्या आवाजात ताई म्हणाली, "पुढे व्हा बाई. मागे लोक खोळंबलेत."